डेस्कटॉपवरून भाड्याच्या सर्व्हरवर: सुरक्षित लॉगिन आणि फाइलींची ने-आण

एखाद्या वाचनालयाची, मासिकाची किंवा छोट्या उद्योगाची वेबसाइट सांभाळायची जबाबदारी अंगावर आली की होस्टिंग कंपनीकडून एक ईमेल येतो. त्यात आयपी पत्ता असतो, ‘रूट’ खात्याचा (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड असतो आणि पुढे काय करायचं याबद्दल फारसं काही नसतं. तो ईमेल हातात असलेल्या माणसासाठी हा लेख आहे. उदाहरण एकच धरू: घरी किंवा ऑफिसात विंडोज ११ चा डेस्कटॉप, पलीकडे उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेला भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला स्वतंत्र सर्व्हरसारखा वापरता येणारा हिस्सा), आणि त्यावर चढवायचे आहेत एका मासिकाच्या जुन्या अंकांचे स्कॅन केलेले पीडीएफ. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. त्यांच्याकडे टर्मिनल आयतंच असतं, आणि पुढे विनएससीपी (फाइलींची ने-आण करायचा विंडोजवरचा प्रोग्राम) म्हटलंय तिथे त्यांनी फाइलझिला किंवा सायबरडक समजावं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळी मांडणी तिच्याभोवती आहे. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर बंदिस्त वाटेने लॉगिन करायची पद्धत. तिचं कूटलेखन भक्कम आहे आणि ते फोडायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. चोर आत येतो तो न वाचता दाबलेल्या ‘यस’मधून, चार ठिकाणी वापरलेल्या एकाच पासवर्डमधून आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या किल्लीतून (किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल). म्हणून या तीन जागांवर मी जास्त रेंगाळणार आहे.

आज्ञांची आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टाइप करायची, आकडेही इंग्रजी. आज्ञा लहान अक्षरांतच लिहायच्या, मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलंय. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं.

एफटीपी का नको

एफटीपी ही फाइलींच्या ने-आणीची जुनी पद्धत. तिचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. तेव्हाच्या जाळ्यावर मोजक्या संस्थांचे संगणक होते आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे उघडे पासवर्ड टिपून घेतले. तिथे संशोधक असलेले तातू इलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. पोर्ट म्हणजे संगणकावरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक. एफटीपीला पोर्ट २१ होतं, दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटला २३. या दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधलं २२ मागून घेतलं, आणि ते आजही चालू आहे.

एसएफटीपी म्हणजे याच एसएसएचच्या बंदिस्त वाटेने होणारी फाइलींची ने-आण. त्यासाठी सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. नावात साम्य असलं तरी एफटीपीएस ही निराळी गोष्ट आहे: ते जुनं एफटीपीच, वरून टीएलएसचं (एचटीटीपीएस वेबसाइटी वापरतात त्याच कूटलेखनाचं) आवरण घातलेलं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर कधीकधी तेवढंच मिळतं. मग ते घ्या, पण प्रोग्राममध्ये ‘एक्स्प्लिसिट टीएलएस’ सक्तीचं करा. नुसतं एफटीपी देणारा होस्ट असेल तर मी तिथे नवं काम सुरू करणार नाही.

डेस्कटॉपवर काय हवं

एसएसएच क्लायंट विंडोज १० मध्ये २०१८ पासून आलेला आहे. स्टार्ट मेनूतून पॉवरशेल उघडा, ‘एसएसएच’ एवढंच टाइप करून एंटर दाबा. वापराची माहिती उमटली तर तो आहे. नसेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ऑप्शनल फीचर्स, आणि तिथून ‘ओपनएसएसएच क्लायंट’ जोडून घ्या.

फाइलींसाठी विनएससीपी. मार्टिन प्रझिक्रिल यांचा हा मोफत, खुल्या स्रोताचा प्रोग्राम २००० सालापासून टिकून आहे. तो उतरवताना सर्च इंजिनच्या पहिल्या दुव्यावर डोळे झाकून क्लिक करू नका. पुटी (विंडोजवरचा आणखी एक एसएसएच प्रोग्राम) आणि विनएससीपी या दोन नावांच्या नकली जाहिराती देऊन आत विषाणू भरलेल्या प्रती वाटण्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आलेत. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा संगणक एकदा हाती लागला की पुढचे सगळे सर्व्हर आयते मिळतात, म्हणून चोरांची नजर नेमकी या प्रोग्रामांवर असते. ब्राउझरच्या पट्टीत विनएससीपी डॉट नेट हा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा पॉवरशेलमधून ‘विंगेट इन्स्टॉल विनएससीपी’ द्या.

किल्लीची जोडी

किल्लीची जोडी म्हणजे दोन फाइली: पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की आपल्याकडे, आणि दोन्ही जुळल्या की लॉगिन होतं. सर्व्हर भाड्याने घेण्याआधीच किल्ली तयार ठेवली तर उत्तम, कारण बरेच होस्ट सर्व्हर उभा करतानाच पब्लिक की मागतात आणि मग पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

पॉवरशेलमध्ये ‘एसएसएच-कीजेन’, मोकळी जागा, ‘-टी’, मोकळी जागा, ‘ईडी२५५१९’ असं लिहून एंटर दाबा. ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार. २०२३ च्या ओपनएसएसएच ९.५ पासून प्रकार नाही सांगितला तरी हाच बनतो, पण तुमच्या विंडोजवरची आवृत्ती जुनी असू शकते, म्हणून लिहिलेला बरा. किल्ली कुठे ठेवायची असं विचारेल तेव्हा नुसतं एंटर. ती तुमच्या यूजर फोल्डरमधल्या ‘डॉट एसएसएच’ फोल्डरात जाईल आणि तिथेच राहू द्या. डी ड्राइव्हवर हलवली तर फाइलचे परवाने सैल होतात आणि एसएसएच ती किल्ली वापरायला साफ नकार देतं.

मग पासफ्रेझ, म्हणजे किल्लीच्या फाइलीलाच लावायचा लांब पासवर्ड, विचारलं जातं. इथे बरेच लोक एंटर दाबून पुढे जातात. तसं करू नका. पासफ्रेझ नसेल तर ती फाइल ज्याच्या हाती पडेल तो सर्व्हरचा मालक. चारपाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तरी पुरेसं लांब आणि लक्षात राहणारं वाक्य तयार होतं. म्हणी, श्लोक किंवा गाण्याच्या ओळी मात्र टाळा, त्या अंदाजाने सापडतात. टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड अडकलाय असं वाटतं, पण तो चालू असतो.

आता दोन फाइली तयार झाल्या. ‘डॉट पब’ने संपणारी पब्लिक की आहे, ती एका ओळीचा मजकूर आहे आणि ईमेलने पाठवायला, कुठेही चिकटवायला हरकत नाही. दुसरी, जिच्या नावाला शेपूट नाही, ती प्रायव्हेट की. ती या संगणकाबाहेर जाता कामा नये. सहकाऱ्यालाही सर्व्हरवर जायचं असेल तर त्याने त्याच्या संगणकावर स्वतःची जोडी बनवावी आणि त्यातली पब्लिक की तुम्हाला पाठवावी. एकच प्रायव्हेट की तिघांत वाटून घेतली तर उद्या कुणी काय केलं ते कळायला मार्ग उरत नाही, आणि एकाला काढायचं तर तिघांची किल्ली बदलावी लागते.

पुटीची जुनी किल्ली वापरत असाल तर एक तपासणी करून घ्या. एप्रिल २०२४ मध्ये पुटीत एक गंभीर दोष सापडला. आवृत्ती ०.६८ ते ०.८० मध्ये ‘एनआयएसटी पी-५२१’ प्रकारच्या ईसीडीएसए किल्लीने केलेल्या सह्यांवरून मूळ प्रायव्हेट की शोधून काढता येत होती. ०.८१ मध्ये दोष दुरुस्त झाला, पण वापरून झालेली किल्ली त्याने सुरक्षित होत नाही. तुमची त्या प्रकारची असेल तर ती सर्व्हरवरून काढून नवी बनवा. ईडी२५५१९ ला या दोषाचा धोका नव्हता.

पहिली जोडणी: इथे घाई नको

पॉवरशेलमध्ये ‘एसएसएच’, मोकळी जागा, खात्याचं नाव, ॲट चिन्ह आणि आयपी पत्ता. पहिल्या वेळी पडद्यावर इंग्रजीत एक निवेदन येतं: या सर्व्हरची सत्यता पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, पुढे जायचं का? ठसा म्हणजे ‘एसएचए२५६’, कोलन आणि त्यापुढे ४३ अक्षरांची एक निरर्थक दिसणारी मालिका.

सगळ्या व्यवस्थेत हा एकच क्षण असा आहे की जिथे संगणक तुमच्यावर अवलंबून असतो. तुम्ही बोलताय तो सर्व्हर तुमचाच, की मधेच कुणीतरी बसून तुमचा सर्व्हर असल्याचं सोंग करतोय, हे त्याला ठरवता येत नाही. तुम्ही एकदा ‘यस’ म्हटलंत की तो ठसा ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलीत कायमचा नोंदला जातो आणि पुढे कधीच विचारलं जात नाही.

पडताळायचं कसं? ठसा दुसऱ्या वाटेने मिळवायचा. होस्टच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात ‘कन्सोल’ म्हणून बटण असतं, त्यातून ब्राउझरमध्येच सर्व्हरचा पडदा उघडतो. उबंटूच्या क्लाउड प्रतिमा पहिल्यांदा चालू होताना सगळे ठसे त्या पडद्यावर छापतात. ते वर सरकून गेले असतील तर कन्सोलमध्ये लॉगिन करून ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ’ द्या आणि पुढे ईटीसी फोल्डरातल्या एसएसएच फोल्डरमधली, ‘होस्ट’ आणि ‘ईडी२५५१९’ हे शब्द नावात असलेली डॉट पब फाइल सांगा. ठसा छापून येईल. किल्ल्या दोनतीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा ठसा वेगळा असतो, म्हणून तुलना त्याच प्रकाराशी करा. नाहीतर जुळत नाही म्हणून उगाच घाबरगुंडी उडते.

आता एक सोय सांगतो, ती फार कमी लोकांना माहीत असते. २०१९ च्या ओपनएसएसएच ८.० पासून त्या प्रश्नाला ‘यस’ किंवा ‘नो’ याशिवाय तिसरं उत्तर देता येतं: कन्सोलमधून उचललेला ठसा तसाच्या तसा चिकटवायचा. जुळला तरच जोडणी पुढे जाते, नाहीतर पुन्हा विचारलं जातं. त्रेचाळीस अक्षरं डोळ्यांनी ताडून पाहायची गरजच उरत नाही. विनएससीपी आपली नोंद वेगळी ठेवतं, त्यामुळे तिथेही पहिल्या वेळी हा प्रश्न येईल आणि तिथेही तुलना करायची.

पुढे कधी ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ अशी मोठ्या अक्षरांतली सूचना आली तर थांबा. सर्व्हर नव्याने बसवला असेल, किंवा तोच आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राला मिळाला असेल तर ती येणं साहजिक आहे. तसं काही झालेलं नसताना आली तर कन्सोलमधून ठसा पुन्हा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंटरनेटवर या सूचनेवरचा उपाय म्हणून ‘नोन होस्ट्समधली ओळ पुसा’ एवढंच सांगितलेलं असतं. ओळ पुसायचीच आहे, पण कारण कळल्यावर.

स्वतःचं खातं, आणि पासवर्डचं दार बंद

आत गेल्यावर रूट म्हणून रोजची कामं करू नका. ‘ॲडयूजर’ आणि नाव देऊन स्वतःचं खातं उघडा, मग ‘यूजरमॉड -एजी सूडो’ आणि तेच नाव देऊन त्याला गरज पडेल तेव्हा ‘सूडो’ या आज्ञेने रूटचे अधिकार वापरायची मुभा द्या. या आज्ञेत ए लहान आहे आणि जी मोठा. ए विसरलात तर ते खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं.

नव्या खात्यावर पब्लिक की बसवायची सोपी वाट विनएससीपीत आहे. लॉगिनच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड, मग एसएसएच, मग ऑथेंटिकेशन. तिथे प्रायव्हेट कीची फाइल दाखवा. विनएससीपीला ‘डॉट पीपीके’ धाटणी लागते, पण ओपनएसएसएचची किल्ली दाखवली तर तो आपणहून रूपांतर करून देऊ का असं विचारतो, हो म्हणा. त्याच पानावर टूल्समध्ये ‘इन्स्टॉल पब्लिक की इनटू सर्व्हर’ आहे. खात्याचा पासवर्ड एकदा द्यावा लागतो, बाकी सगळं तो करतो. होस्टने पासवर्ड आधीच बंद ठेवले असतील तर ही वाट चालणार नाही. मग रूटच्या घरातला डॉट एसएसएच फोल्डर नव्या खात्याच्या घरात कॉपी करून ‘सीएचओन’ने त्याची मालकी बदला.

परवाने नेमके हवेत: डॉट एसएसएच फोल्डर ७०० (सगळे अधिकार फक्त मालकाला), आतली पब्लिक की साठवणारी ‘ऑथराइज्ड कीज’ फाइल ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला), आणि खात्याचा घरचा फोल्डर इतरांना लिहिता येणार नाही असा. यात ढिलाई असली तर सर्व्हर किल्लीकडे दुर्लक्ष करतो आणि तुम्हाला कारणही सांगत नाही. कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं सापडतं.

नव्या खात्याने किल्लीवर लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच पासवर्ड बंद करायचे. ईटीसी, एसएसएच या वाटेवर ‘एसएसएचडी कन्फिग डॉट डी’ नावाचा फोल्डर आहे (शब्दांमध्ये अंडरस्कोर; एसएसएचडी म्हणजे सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्राम). त्यात ‘१०-आमचे.कॉन्फ’ अशा धर्तीची, रोमन नावाची फाइल करा आणि तीन ओळी लिहा: ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’, ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो’, ‘परमिटरूटलॉगिन नो’. नावाच्या सुरुवातीच्या दहाला अर्थ आहे. या फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकाच गोष्टीबद्दल जी सूचना आधी येते ती पाळली जाते. क्लाउडच्या प्रतिमांमध्ये बहुधा ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असते आणि तिच्यात पासवर्ड चालू ठेवलेला असू शकतो. तुमची फाइल तिच्या नंतर आली तर बदल केल्यासारखा वाटतो, पण दार उघडंच राहतं.

लिहून झाल्यावर ‘सूडो एसएसएचडी -टी’ (लहान टी) ही आज्ञा लिखाणातली चूक दाखवते. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक. मोठा टी दिला तर प्रत्यक्षात कोणत्या सूचना लागू आहेत त्याची पूर्ण यादी मिळते, त्यात पासवर्डची ओळ डोळ्यांनी बघा. मग ‘सूडो सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच’. आणि चालू खिडकी बंद करू नका! दुसरी पॉवरशेल खिडकी उघडून लॉगिन करून पाहा. तिथे आत गेलात की पहिली मिटा. काही बिनसलं तर ती उघडी खिडकीच दुरुस्तीला उपयोगी पडते.

पोर्ट २२ बदलावं का, असं नेहमी विचारलं जातं. बदलल्याने लॉगमधला कचरा खूप कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. किल्लीशिवाय आत येताच येत नसेल तर लाखो प्रयत्न झाले तरी बिघडत नाही. फायरवॉल लावणार असाल तर ‘यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’ आधी आणि ‘इनेबल’ नंतर, हा क्रम उलटा करू नका.

फाइली चढवणं

विनएससीपीत फाइल प्रोटोकॉल एसएफटीपी, होस्ट नेम, पोर्ट २२, यूजर नेम. सेव्ह करताना पासवर्ड साठवू नका, किल्ली असताना त्याची गरज नाही. फाइलझिला वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये मास्टर पासवर्ड लावून घ्यावा, कारण तो नसेल तर साठवलेले पासवर्ड संगणकावर कुणालाही उलगडता येतील अशा रूपात पडून असतात.

लॉगिन झालं की डावीकडे तुमचा संगणक, उजवीकडे सर्व्हर. फाइल निवडून एफ५. अंक थेट वेबसाइटच्या फोल्डरात टाकण्यापेक्षा आपल्या घरच्या फोल्डरात ‘आवक’ अशा अर्थाचा एक फोल्डर करा, सगळं तिथे उतरवा, तपासा, मग सर्व्हरवरच हलवा. दोनशे एमबीचा पीडीएफ चढत असताना वाचकाने उघडला तर त्याला अर्धी फाइल मिळते. त्याच डिस्कवर नुसती हलवलेली फाइल मात्र एका क्षणात पूर्ण दिसू लागते. विनएससीपीसुद्धा १०० केबीपेक्षा मोठी फाइल ‘डॉट फाइलपार्ट’ या तात्पुरत्या नावाने चढवतं आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव देतं. मधेच वीज गेली किंवा ब्रॉडबँड तुटला तर याच तुकड्यापासून पुढे चालू करता येतं. फाइलपार्ट दिसली तर कचरा समजून पुसू नका.

वेबसाइटच्या फोल्डरात लिहायला परवानगी नाही असं उत्तर आलं की लोक ७७७ देऊन मोकळे होतात. ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला, कुठल्याही फसलेल्या प्लगइनला तिथे लिहायची मुभा. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ पुरतं. लिहिण्याचा प्रश्न मालकी नीट देऊन सोडवायचा असतो.

ट्रान्सफरची पद्धत बायनरी राहू द्या. टेक्स्ट पद्धतीत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जातात, आणि पीडीएफ किंवा फोटोवर तसं झालं की फाइल खराब होते. उलट प्रकारही घडतो: विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते. ओळीअखेरची विंडोजची जादा खूण हे कारण, आणि ‘डॉस२युनिक्स’ हा उपाय.

दोन्हीकडचे फोल्डर सारखे करणारं सिंक्रोनाइझ हे बटण सोयीचं आहे तितकंच धोक्याचं. दिशा नीट वाचा, ‘डिलीट फाइल्स’वर खूण नाही ना ते बघा, आणि ‘प्रिव्ह्यू चेंजेस’ कायम चालू ठेवा. दिशा उलटी झाली तर जुना माल नव्यावर बसतो. हेच काम आज्ञेने करणारं आरसिंक वापरणाऱ्यांनी आधी ‘-एन’ देऊन कोरडा फेरा, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता चाचणी, करावी.

मराठी फाइलनावांबद्दल

आपल्याला हवंसं वाटतं की फाइलचं नाव ‘दुसऱ्या वर्षाचा अंक’ असं असावं. लिनक्सला देवनागरी चालते, पण अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली लांबीची. उबंटूच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लेखाचं पूर्ण शीर्षक आणि लेखकाचं नाव फाइलनावात घालणाऱ्यांना हे लवकर भोवतं.

दुसरी जास्त छळणारी. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असे दोन मिळून. पडद्यावर काही फरक दिसत नाही. लिनक्स नावाचे बाइट जसे येतील तसे ठेवतं, त्यामुळे त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. मॅकवर बनवलेली फाइल पुष्कळदा सुट्या चिन्हांची येते, वेबसाइटवरचा दुवा विंडोजवर टाइप केलेला असतो, आणि वाचकाला ‘४०४’ मिळतो. नाव तर डोळ्यांसमोर आहे, मग सापडत का नाही, म्हणून माणूस हैराण होतो. ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा प्रत्येक शब्दाला हा धोका आहे.

म्हणून सर्व्हरवरची फाइलनावं लहान रोमन अक्षरांत, आकडे आणि हायफन वापरून ठेवा: वर्ष, महिना, अंक. सुंदर मराठी शीर्षक वेबपानावर द्या, तिथे त्याला काही होत नाही.

पोचलेली फाइल तीच आहे का

आकार जुळला म्हणून थांबू नका, जुने दुर्मिळ अंक असतील तर नाहीच. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि फाइलचं नाव द्या. सर्व्हरवर ‘एसएचए२५६सम’ आणि तेच नाव. दोन्हीकडे ६४ अक्षरांची एकच मालिका आली पाहिजे. विंडोज मोठ्या अक्षरांत दाखवतं, लिनक्स लहान. त्या फरकाला अर्थ नाही. सगळ्या अंकांची अशी यादी एका मजकूर फाइलीत साठवून ठेवली तर काही वर्षांनी डिस्क बदलतानाही उपयोगी पडते.

बॅकअप खाली आणताना

फाइली खाली आणणं सोपं आहे, उजवीकडून डावीकडे एफ५. डेटाबेस आणताना मात्र मराठी साइटवाल्यांनी जपावं. पॉवरशेलमधूनच ‘एसएसएच’ने ‘मायएसक्यूएलडंप’ (डेटाबेस मजकुराच्या रूपात काढून देणारी आज्ञा) चालवून ‘>’ या खुणेने तो मजकूर थेट विंडोजवरच्या फाइलीत वळवायची युक्ती बरेच जण सांगतात. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ असा मजकूर मधेच स्वतःच्या पद्धतीने वाचतं आणि यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. इंग्रजी मजकूर ठीक दिसतो, पण देवनागरीचा चक्काचूर होतो, आणि ते कळतं बॅकअप परत चढवायची वेळ आली तेव्हा. तेव्हा डंप सर्व्हरवरच एका फाइलीत करा, ‘जीझिप’ने आवळा आणि ती फाइल विनएससीपीने आणा. आणल्यावर उघडून मधलंच एखादं पान काढून मराठी वाचता येतंय का ते पाहा. आणि सर्व्हरवरची प्रत पुसा, विशेषतः ती वेबसाइटच्या फोल्डरात केली असेल तर.

जोडणी होत नसेल तर

इंग्रजी संदेश नीट वाचला की निम्मं निदान होतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून काहीच उत्तर नाही: पत्ता चुकलाय, होस्टच्या पॅनेलमधल्या फायरवॉलने २२ अडवलंय, किंवा तुमच्याच ऑफिस-कॉलेजच्या नेटवर्कने. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. चाललं तर अडथळा तुमच्या बाजूला आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. फेल२बॅन (चुकीचे लॉगिन करणारे पत्ते काही काळ अडवणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर चुकीच्या प्रयत्नांनंतर तुमच्याच पत्त्याला हे उत्तर मिळू शकतं, तेव्हा थोडं थांबा. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ म्हणजे सर्व्हर बरोबर आहे, ओळख पटत नाही: खात्याचं नाव चुकलंय, भलतीच किल्ली जातेय किंवा वर सांगितलेले परवाने सैल आहेत. ‘एसएसएच -व्ही’ असं चालवलंत तर कोणती किल्ली पुढे केली जातेय ते ओळीने दिसतं.

काम न करता ठेवलेली खिडकी काही मिनिटांत गोठत असेल तर डॉट एसएसएच फोल्डरात ‘कन्फिग’ नावाची फाइल करून ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ लिहा. लांबणारं काम, मोठी झिप वगैरे, सर्व्हरवर ‘टीमक्स’मध्ये (खिडकी बंद झाली तरी सत्र जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरू करा. मग जोडणी तुटली तरी काम चालू राहतं.

संगणक हरवला, माणूस बदलला

लॅपटॉप चोरीला गेला किंवा साइट सांभाळणारा कार्यकर्ता संस्था सोडून गेला तर त्याच दिवशी सर्व्हरवर जाऊन ऑथराइज्ड कीज फाइलीतली त्याची ओळ काढायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी टीप लिहिता येते, तिथे किल्ली बसवतानाच माणसाचं आणि यंत्राचं नाव लिहिलेलं असावं. नाहीतर कोणती ओळ कुणाची ते कळत नाही. फाइल प्रत्येक खात्याची वेगळी असते, तेव्हा रूटच्या घरातलीही बघा. ओळ काढल्याने नवं लॉगिन थांबतं, आधीपासून चालू असलेली जोडणी मात्र तुटत नाही. ‘हू’ या आज्ञेने कोण आत आहे ते दिसतं, पण नुसत्या एसएफटीपीने आलेला माणूस त्या यादीत येत नाही. त्याच्यासाठी ‘पीएस’ने मिळणाऱ्या चालू प्रोग्रामांच्या यादीत एसएसएचडीच्या ओळी बघाव्या लागतात. ती व्यक्ती आपल्या स्वतंत्र खात्याने येत असेल तर ‘सूडो पीकिल -केआयएलएल -यू’ आणि त्या खात्याचं नाव दिलं की तिच्या सगळ्या जोडण्या एकदम बंद होतात. यातलं ‘केआयएलएल’ मोठ्या अक्षरांत.